सुगड, लिंबू आणि वांगं : ॲक्रिलिकमधलं पहिलं स्थिरचित्र

माझ्याकडे रविवारी सकाळी मोठी माणसं चित्रं काढायला येतात. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलं बाहेरगावी शिकायला गेल्यावर थोडा वेळ मिळू लागलेल्या बायका, पुण्याहून सुट्टीला आलेली एखादी इंजिनिअर मुलगी. बहुतेकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली असते. हाताला पोस्टर कलरची किंवा जलरंगाची सवय असते आणि ‘बाई, आता या वयात ॲक्रिलिक जमेल का’ अशी धाकधूक असते. जमतं. माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, त्या भरवशावर सांगते. या सगळ्यांना मी पहिला जो ग्रुप, म्हणजे समोर ठेवून रंगवायच्या वस्तूंची मांडणी, लावून देते तोच इथे लिहिते आहे, म्हणजे मिरजेला माझ्या खोलीत न येताही तुम्हाला तो घरच्या घरी लावता येईल. तीन वस्तू, एक कापड, एक खिडकी.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रंग कुठला यापेक्षा तो किती उजळ आणि किती गडद, म्हणजे त्याचा टोन काय, हे बरोबर आलं की चित्र उभं राहतं. पिवळा थोडा इकडेतिकडे झाला तरी लिंबू लिंबूच दिसतं. पण लिंबाची छायेची बाजू पुरेशी गडद केली नाही, तर ते कागदावर चिकटवलेल्या पिवळ्या टिकलीसारखं सपाट दिसतं. नवखे लोक रंगाच्या मागे लागतात आणि टोन सोडून देतात. तुम्ही उलट करा.

सामान

सामान कमी घ्या, पण बरं घ्या. टिटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर, एवढ्या ट्यूबा पुरतात. पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्या, कारण तो सगळ्यांत आधी संपतो. काळा मी मुद्दाम वगळते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर एकत्र केले की जवळजवळ काळा तयार होतो, आणि तो हवा तसा निळ्याकडे किंवा तपकिरीकडे झुकवता येतो. ट्यूबमधला काळा हाताशी असला की माणूस प्रत्येक सावलीत तो घालतो आणि चित्र मळकट होतं. पिवळ्यात काळा घालून बघा, चक्क हिरवा होतो.

दुकानात नुसतं ‘ॲक्रिलिक’ म्हटलं की पुष्कळदा कापडावर रंगवायचे किंवा हस्तकलेचे बाटलीतले पातळ रंग पुढे करतात. ते नकोत. चित्रकारांसाठीचे ट्यूबमधले दाट रंग मागा. विद्यार्थ्यांसाठीची स्वस्त श्रेणी असली तरी चालेल. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा कोड असतो. अल्ट्रामरीनवर पीबी २९, टिटॅनियम व्हाइटवर पीडब्ल्यू ६ असं. ज्या ट्यूबवर एकच कोड आहे ती शक्यतो घ्यावी. दोन-तीन रंगद्रव्यं आधीच एकत्र केलेला रंग तुम्ही आणखी कशात मिसळला की लवकर गढूळ होतो.

ब्रश तीन पुरे : एक बोटभर रुंद फ्लॅट, एक त्याच्या निम्म्या रुंदीचा फ्लॅट आणि एक बारीक राउंड. तिन्ही सिंथेटिक केसांचे. जलरंगाचे जुने मऊ ब्रश घरात असले तर ते जपून ठेवा, ॲक्रिलिकमध्ये घालू नका. १० × १२ इंचांचा एक कॅनव्हास बोर्ड आणि सरावाला थोडा जाड कागद घ्या. पाण्याला दोन बरण्या, पुसायला जुना सुती बनियन.

पॅलेटबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. ॲक्रिलिकमध्ये रंगद्रव्य असतं, पाणी असतं आणि पाण्यात तरंगणारे प्लास्टिकसारख्या राळेचे सूक्ष्म कण असतात. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटतात, त्यांचा पापुद्रा बनतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पोस्टर कलर वाळला तरी ओल्या ब्रशने परत उठतो, हा उठत नाही. पातळ थर दहा-पंधरा मिनिटांत हाताला कोरडा लागतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये पंखा चालू असेल तर त्याच्याही आधी. कोकणात पावसाळ्यात रंगवणाऱ्यांना जरा उसंत मिळते. तेव्हा साधी स्टीलची थाळी पॅलेट म्हणून घेतलीत तर अर्धा रंग तिच्यावरच वाळून जाईल. त्याऐवजी झाकणाचा चपटा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी टिश्यू पेपरच्या तीन-चार घड्या ओल्या करून अंथरा, पाणी साचलं असेल तर निथळून टाका, आणि वर बटर पेपर पसरा. रंग बटर पेपरवर काढायचे. खालून ओल मिळत राहते आणि झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही रंग वापरता येतो.

चित्रकारांना पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग मिळू लागले ते १९५० च्या दशकात. त्याआधीचं युरोपातलं स्थिरचित्राचं बहुतेक शिक्षण तैलरंगाचं आहे. तैलरंगात दोन रंग कॅनव्हासवर तासन्‌तास एकमेकांत जिरवत बसता येतं. ते वाचून किंवा बघून ॲक्रिलिकमध्ये तसंच करायला गेलात तर रंग अर्धवट वाळून त्याचे गोळे निघतील. याची रीत वेगळी आहे, ती पुढे येते.

ग्रुप लावताना

संक्रांतीचं मातीचं सुगड, एक पिकलेलं लिंबू आणि एक गडद जांभळं वांगं. खाली कोरं, न धुतलेलं मांजरपाट. मागे करड्या रंगाचा पुठ्ठा.

हे तीनच का, तर तिघांचा टोन वेगळा आहे. लिंबू उजळ, सुगड मधलं, वांगं गडद. सुगडाला चकाकी नाही, त्यामुळे उजेड कुठे संपतो आणि छाया कुठे सुरू होते ते स्वच्छ दिसतं. लिंबाला जेमतेम चमक आहे. वांग्याला भरपूर आहे. म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे जाण्याची सोय एकाच ग्रुपमध्ये झाली. सुगड लाल मातीचं घ्या, काळं नको, आणि त्याच्यावर चुन्याची किंवा हळद-कुंकवाची बोटं उमटलेली असतील तर ती पुसून घ्या. वांगं एकरंगी असावं. अंगावर पट्टे असलेलं वांगं पहिल्या चित्राला कठीण जातं, कारण पट्टे आणि छाया यांची गल्लत होते.

पाहुणे आल्यासारखी काचेची बरणी, प्लास्टिकची फुलं, पितळी समई काढून मांडू नका. शार्दँ या फ्रेंच चित्रकाराने (१६९९–१७७९) तांब्याची पातेली, कांदे, अंडी अशा स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर आयुष्य घालवलं. इटलीत बोलोन्याला राहणारा मोरांदी (१८९०–१९६४) त्याच त्या बाटल्या आणि डबे पुन्हा पुन्हा मांडून रंगवत राहिला. दोघांची चित्रं इंटरनेटवर मोठी करून जरूर बघा. तैलरंगातली आहेत, पण टोन शिकायला माध्यम आड येत नाही.

उजेड एकाच बाजूने यायला हवा. टेबल खिडकीच्या उजवीकडे लावा, म्हणजे डावीकडून प्रकाश येईल. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तमच, तिथे वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही आणि सावल्या जागच्या हलत नाहीत. मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ थोडं ऊन येतं, तेवढी वेळ टाळावी. तशी खिडकी नसेल तर खिडक्या बंद करून एक टेबल लॅम्प डावीकडे, वस्तूंपेक्षा थोडा उंच ठेवा. डोक्यावरची ट्यूबलाइट मात्र बंदच करा. दोन दिव्यांत दोन सावल्या पडतात आणि नवखा माणूस गोंधळतो. मी तर एक मोठा खोका आडवा करून त्याची समोरची आणि खिडकीकडची बाजू कापून टाकते आणि त्यात ग्रुप लावते. इकडून तिकडून येणारा उजेड अडतो.

सुगड मध्यापासून जरा डावीकडे, वांगं त्याच्या पुढून थोडं झाकेल असं आडवं, देठ आपल्याकडे तिरपा. लिंबू उजवीकडे पुढे, सुटं. वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकलेल्या दिसू देऊ नका. एक तर एकीने दुसरीला नीट झाकावं, नाही तर मध्ये मोकळी जागा असावी. कापडाला दोनच चुण्या पाडा. मग खडूने कापडावर प्रत्येक वस्तूभोवती बारीक खूण करून ठेवा. घरात कुणी तरी लिंबू उचलून नेतंच, आणि ते परत ठेवताना खूण उपयोगी पडते.

रंगाआधी टोन

सरावाच्या कागदावर बर्न्ट अंबर आणि पांढरा एवढेच घेऊन पाच चौकोन रंगवा. पहिला जवळजवळ पांढरा, पाचवा नुसता अंबर, मधले तीन समान पायऱ्यांनी. हे वाटतं तेवढं सोपं नाही. पुष्कळांचे दुसरा आणि तिसरा सारखेच येतात आणि चौथा एकदम खाली उडी मारतो. चौकोन वाळू द्या, मग परत बघा. ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो, कारण ओला असताना त्यातली राळ दुधाळ असते आणि वाळल्यावर ती पारदर्शक होते. म्हणून हवा त्यापेक्षा अर्धी पायरी उजळ रंग मिसळायची सवय लावून घ्या.

आता ग्रुपसमोर बसून डोळे किलकिले करा. अगदी पापण्यांच्या फटीतून बघा. बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि उरतात फक्त मोठे उजळ आणि गडद आकार. आता त्यांना नंबर द्या. उजेडातलं कापड एक. लिंबाची उजेडाची बाजू एक आणि दोनच्या मध्ये. सुगडाची उजेडाची बाजू तीन, छायेची बाजू चार. वांगं बहुतेक सगळं पाच. आणि लिंबाची छायेची बाजू? बहुतेक लोक दोन म्हणतात, कारण मनात ‘लिंबू पिवळं’ हे पक्कं असतं. किलकिल्या डोळ्यांनी बघितलं की ती तीन निघते, म्हणजे सुगडाच्या उजेडातल्या बाजूएवढी गडद. हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं त्याला स्थिरचित्राची किल्ली मिळाली असं मी समजते. खात्री नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. मोबाइलचा उपयोग एवढ्यापुरताच. चित्र मात्र समोरच्या वस्तूंवरूनच काढायचं, फोटोवरून नाही, कारण फोटोत गडद भाग काळाठिक्कर होतो आणि त्यातले रंग मरतात.

याच दोन रंगांत, कागदावर, हाताच्या पंजाएवढं एक झटपट चित्र करा. रेषा नको, तपशील नको, नुसते पाच टोनचे आकार. अर्ध्या तासात व्हावं. हे टाळून थेट रंगांकडे जाण्याची घाई प्रत्येकाला असते. तरी करा.

रेखाटन

बोर्डवर आधी यलो ऑकर आणि थोडा सिएना पाण्याने पातळ करून एक हात फिरवा आणि वाळू द्या. पांढऱ्या बोर्डवर प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा गडद भासतो आणि टोन चुकतात. मातकट जमिनीवर उजळ आणि गडद दोन्ही लगेच ओळखू येतात.

एचबी पेन्सिलने, हलक्या हाताने. सुगडासाठी आधी एक उभी मध्यरेषा घ्या म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. तोंडाचा लंबगोल काढताना त्याची टोकं अणकुचीदार होऊ देऊ नका, ती नेहमी गोलसरच वळतात. आणि सुगडाचा तळ तोंडापेक्षा जास्त गोलाईचा असतो, कारण तो आपल्या डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली आहे. तोंड गोल आणि तळ सपाट रेषेत काढला की भांडं कलंडल्यासारखं दिसतं. इंटरमिजिएटला गुण जायचे ते बहुतेक इथेच.

वस्तूंपेक्षा वस्तूंमधल्या मोकळ्या जागा बघा. सुगड आणि लिंबू यांच्यामध्ये कापडाचा जो तुकडा दिसतो त्याचा आकार काढा. तो बरोबर आला की दोन्ही वस्तू आपोआप जागेवर बसतात. पडछायांची, म्हणजे वस्तूंच्या कापडावर पडणाऱ्या सावल्यांची, बाह्यरेषाही पेन्सिलनेच आखून घ्या, कारण पडछाया ही चित्रातली चौथी वस्तू आहे.

रंग आधी मिसळून ठेवा

ॲक्रिलिकची खरी गुरुकिल्ली इथे आहे. ब्रश कॅनव्हासला लावायच्या आधी सगळे मुख्य रंग मिसळून तयार ठेवा, आणि भरपूर ठेवा. रंगवता रंगवता मिसळत बसलात तर मागचा थर वाळून जातो, आणि संपलेला रंग तसाच्या तसा पुन्हा तयार करणं फार कठीण जातं, कारण ओला रंग वाळलेल्याशी जुळवून बघता येत नाही.

सुगडासाठी : उजेडाला सिएना, ऑकर आणि पांढरा. मधल्या टोनला सिएनात थोडा ऑकर. छायेला सिएनात अल्ट्रामरीन, अगदी बेताने. अल्ट्रामरीन जास्त झाला तर माती करडी पडते.

लिंबासाठी : उजेडाला लेमन यलो आणि पांढरा. मध्ये लेमन यलो आणि किंचित ऑकर. छायेला ऑकर, लेमन यलो आणि जांभळ्याचा एक ठिपका. जांभळा म्हणजे क्रिमसन आणि अल्ट्रामरीन, आपणच केलेला. जांभळा पिवळ्याच्या विरुद्ध रंग, त्यामुळे तो पिवळ्याला हिरवं न करता शांत करतो.

वांग्यासाठी : अल्ट्रामरीन, क्रिमसन आणि थोडा अंबर. बाहेर काढल्यावर हा जवळजवळ काळा दिसेल. त्याचा एक ठिपका घेऊन पांढऱ्यात मिसळून बघा. जांभळा निघाला तर बरोबर, निळा निघाला तर क्रिमसन वाढवा.

कापडाला पांढरा आणि ऑकरचा स्पर्श. कापडावरच्या सावलीला पांढरा, अल्ट्रामरीन आणि अंबर मिळून करडा. हाच करडा थोडा ऑकर घालून मागच्या पुठ्ठ्याला. पार्श्वभूमी आणि सावल्या एकाच घराण्यातल्या असल्या की चित्र एकजीव राहतं.

प्रत्येक मिश्रणाचा ठिपका ग्रुपच्या जवळ कागदावर लावून, वाळू देऊन, वस्तूशेजारी धरून बघा. दहा मिनिटं जातात, पण पुढचा तास वाचतो.

पहिला थर

मोठा फ्लॅट ब्रश घ्या. आधी पार्श्वभूमी, मग सगळ्या छाया आणि पडछाया, मग वांगं, मग सुगड, लिंबू, शेवटी उजेडातलं कापड. म्हणजे साधारण गडदाकडून उजळाकडे. ज्यांचा हात जलरंगावर तयार झाला आहे त्यांना हे उलटं वाटेल. तिथे पांढरा कागद राखून ठेवून उजळाकडून गडदाकडे जायचं असतं. इथे झाकणारा पांढरा हाताशी आहे, त्यामुळे उजेड शेवटी चढवायचा.

बोर्डवरची मातकट जमीन सगळीकडे रंगाने झाकली जाईपर्यंत एकाही वस्तूत शिरू नका. लिंबाचं टोक किती छान जमतंय म्हणून तिथेच अडकून पडायचं आणि बाकी बोर्ड कोरा, असं करू नका. टोन एकमेकांच्या शेजारी आल्याशिवाय कळतच नाहीत.

दोन टोन जोडताना घासू नका. तिसरा, मधला टोन मिसळून घ्या आणि तो सांध्यावर वस्तूच्या वळणाच्या दिशेने ठेवा. सुगडावर ब्रश आडवा, पोटाच्या गोलाईने जावा. पटाशीने मारल्यासारखे सपाट फटकारे दिसले तरी दिसू देत. चार पावलं मागे गेलात की ते आपोआप मिसळतात. फार कडक सांधा दिसला तर ब्रश कोरडा करून, टोकाला अगदी थोडा रंग घेऊन हलकेच फिरवा.

कॅनव्हासवर रंग पाण्याने फार पातळ करू नका. अर्ध्याहून जास्त पाणी गेलं की राळ विरळ होते आणि पापुद्रा कमजोर बनतो. पातळ थर हवाच असेल तर ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेली तीच राळ, मिसळा.

लेमन यलो बराचसा पारदर्शक असतो, एका हातात झाकत नाही. म्हणून लिंबाच्या जागी आधी पांढऱ्यात ऑकर घालून एक थर द्या, तो वाळला की त्याच्यावर पिवळा. लगेच झगझगीत दिसतो.

वांगं

दुसऱ्या बैठकीत वांग्यापासून सुरुवात करा, कारण तेच सगळ्यांत आधी मलूल होतं. दोन दिवसांत त्याची चमक जाते, लिंबू आठवडा टिकतं.

नीट बघितलं तर वांग्यात काय काय दिसतं? अंगभर गडद, तो पहिल्या थरात झाला. खिडकीच्या बाजूला खांद्यावर एक रुंद, मंद पट्टा आहे, निळसर करडा. तो वांग्याचा रंग नाही, ते खिडकीतलं आकाश आहे. अल्ट्रामरीन, पांढरा आणि क्रिमसनचा स्पर्श घेऊन तो वांग्याच्या लांबीच्या दिशेने ओढा. त्याच्या पोटात एक लहान, लांबट, तेजस्वी ठिपका आहे, हायलाइट. तो आत्ता नाही.

खालच्या बाजूला, कापडाजवळ, वांगं परत किंचित उजळतं. कापडावरचा उजेड उसळून तिथे लागतो. हा परावर्तित उजेड तपकिरी-जांभळा असतो आणि तो कितीही खुणावला तरी वरच्या पट्ट्यापेक्षा उजळ करायचा नाही. तो उजेडाच्या बाजूशी स्पर्धा करू लागला की वांगं पोकळ दिसतं. त्याच्याही खाली, जिथे साल कापडाला टेकते तिथे एक केसासारखी काळी रेघ आहे. सगळ्या चित्रातली सगळ्यांत गडद जागा ती. बारीक राउंड ब्रशने ती ठेवली की वांगं जमिनीवर बसतं, तोवर ते तरंगत असतं. पडछाया त्या रेघेपासून जसजशी दूर जाते तसतशी तिची कड मऊ आणि टोन उजळ होत जातो.

मग टोपी. लेमन यलो, अल्ट्रामरीन आणि थोडा सिएना, म्हणजे हिरवा भडक होणार नाही. टोपीची पाती सालीवर आपली छोटीशी सावली टाकतात, ती रंगवा. आणि पात्यांच्या कडेला निरखून बघा : टोपीखाली झाकल्या गेलेल्या सालीला रंग चढलेला नसतो, त्यामुळे तिथे बारीक फिकट, पांढुरकी-जांभळी किनार दिसते. वांगी आपण रोज चिरतो, पण ही किनार चित्र काढायला बसेपर्यंत फार थोड्यांनी पाहिलेली असते. मला हे शिकवताना दर वेळी आनंद होतो, माणसं खुर्ची पुढे ओढून वांग्याकडे बघू लागतात.

कडा आणि शेवटचा हात

सगळ्या कडा सारख्या धारदार ठेवल्या की वस्तू कापून चिकटवल्यासारख्या दिसतात. लिंबाची उजेडाकडची कड जरा स्वच्छ ठेवा, नजर तिथे जायला हवी. सुगडाची छायेकडची कड आणि त्याच्या मागचा पुठ्ठा यांचा टोन जवळपास सारखाच असतो, तिथे कड थोडी पुसट होऊ द्या. वांगं आणि त्याची पडछाया जिथे एकमेकांत शिरतात तिथे तर कड हरवलीच पाहिजे. सुगडाच्या उजव्या पोटावर लिंबाचा पिवळेपणा किंचित उमटलेला दिसेल, छायेच्या टोनमध्येच ऑकरचा एक हलका हात द्या.

हायलाइट सगळ्यांत शेवटी. वांग्याचा ठिपका पांढरा, पण त्यात निळ्याचा अंश. लिंबाचा पांढरा, पिवळ्याच्या अंशासह, आणि वांग्याच्या ठिपक्यापेक्षा मऊ. सुगडाला हायलाइट नाहीच. ब्रशवर दाट रंग घ्या, एकदा टेकवा, उचला. परत जाऊन सारखं करू नका.

चित्र आरशात बघा. तिरपं झालेलं सुगड आरशात लगेच पकडलं जातं. चित्राचाही कृष्णधवल फोटो काढा आणि ग्रुपच्या फोटोशेजारी ठेवा. जिथे टोन जुळत नाही तिथे वाळलेल्या थरावर बिनधास्त नवा थर द्या. हीच ॲक्रिलिकची मोठी मेहेरबानी आहे, खालचं उठत नाही.

ब्रशची निगा मात्र कडक हवी. रंगवताना वापरात नसलेला ब्रश ओल्या फडक्यावर आडवा ठेवा. बरणीत उभा ठेवला तर केस वाकतात. बैठक संपली की आधी फडक्याने जास्तीचा रंग पुसून काढा, म्हणजे प्लास्टिकचा गाळ मोरीत जाणार नाही, आणि मग साबणाने तळहातावर फेस करून धुवा, बुडाशी पांढरा फेस येईपर्यंत. रंग केसांच्या बुडाशी वाळला की ब्रश फाकतो. थोडाच वाळला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून सुटतो, पण त्यावर विसंबू नका. अंगावर जुने कपडे घाला, वाळलेला रंग कपड्यांवरून निघत नाही.

पुढच्या आठवड्यात नवं काही मांडू नका. हाच ग्रुप, ताजं वांगं, पण उजेड उजवीकडून. रंग तेच, टोनची सगळी मांडणी बदललेली. त्यानंतर सुगडाच्या जागी चिनीमातीची बरणी घ्या, मग पितळी फुलपात्र. स्टीलचं भांडं सगळ्यांत शेवटी, कारण स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. त्यात खिडकी, लिंबू, कापड आणि समोर बसलेले तुम्ही, असं सगळंच वाकडंतिकडं होऊन दिसतं, आणि ते सगळं तुटक, धारदार टोनच्या तुकड्यांत मांडावं लागतं. पाच चौकोनांची पट्टी तेव्हा पुन्हा एकदा रंगवून समोर टाचून ठेवा.